शाई वाळण्यापूर्वीचे वाचन

संगणकशास्त्रात 'वाचक आणि लेखक' ह्या नावाची एक प्रसिद्ध समस्या आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांना सहसा ठाऊक नसते. कूर्त्वा, हेमान्स आणि पार्नास ह्या तिघांनी ती १९७१ साली अवघ्या दोन पानांच्या एका निबंधात मांडली. एकच मजकूर आहे. काहीजण तो वाचू इच्छितात, काहीजण त्यात बदल करू इच्छितात. अनेक वाचक एकाच वेळी वाचत असले तर कोणाचे काही बिघडत नाही. पण लेखक लिहीत असताना वाचक आत शिरला तर त्याच्या हाती अर्धे जुने, अर्धे नवे असे काहीतरी पडते, जे कोणीच कधी लिहिलेले नव्हते. तेव्हा दाराशी कोणाला थांबवायचे? वाचकांना अग्रक्रम दिला तर वाचकांची रांग संपेपर्यंत लेखकाला लेखणी उचलता येत नाही. लेखकाला दिला तर वाचक ताटकळतात. त्या निबंधात दोन्ही प्रकारची उत्तरे आहेत, आणि कोणते स्वीकारायचे हा निर्णय वापरणाऱ्यावर सोपवलेला आहे.

वाचक आणि लेखक ह्यांच्या संबंधाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. लेखन पूर्ण झाले, संहिता सिद्ध झाली, आणि मग वाचक आला, असे मात्र आपण त्यात बहुधा गृहीत धरलेले असते. लिहिले जात असतानाच वाचणे हा प्रश्न समीक्षेपुढे फारसा येत नाही. तो आला तो हिशेबनीसांपुढे आणि त्यांच्यामागून डेटाबेस रचणाऱ्यांपुढे. गेल्या अर्धशतकात त्यांनी त्याचे जे केले तो नोंदीच्या, स्मरणाच्या आणि प्रतीच्या इतिहासातला एक महत्त्वाचा भाग आहे असे मला वाटते. म्हणून त्याची थोडी सविस्तर हकीकत.

सुरुवात रोजकीर्दीपासून करायला हवी. हा फारसीतून आलेला शब्द आपल्या हिशेबाच्या परंपरेत इतका मुरला आहे की पुण्याच्या पेशवे दफ्तराशी ज्यांचा थोडाही संबंध आला त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. दिवसभरात जे घडले ते घडले त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहायचे. मग सवडीने त्यातली एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत, चढवायची. रोजकीर्द काळाच्या क्रमाने चालते, खतावणी विषयाच्या. अमुक असामीकडे आज किती येणे आहे हे विचारायचे असेल तर खतावणी उघडावी. ते तसे कसे झाले हे विचारायचे असेल तर रोजकीर्द. युरोपात हीच व्यवस्था लुका पाचोली ह्या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणितग्रंथात वर्णिली. त्याच्याकडे वह्या तीन आहेत : कच्चे टाचण, रोजकीर्द आणि खतावणी. त्यातला एक बारकावा मला फार अर्थपूर्ण वाटतो. रोजकीर्दीतली नोंद खतावणीच्या नावे बाजूस चढली की त्या नोंदीवर एक तिरकी रेघ मारायची, जमा बाजूस चढली की दुसरी. मधेच काम थांबले, कारकून आजारी पडला, दिवा विझला, तरी दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला रेघा पाहून कळते की कोठून पुढे चालायचे. आजच्या डेटाबेसमध्ये वीज गेल्यावर जे घडते त्याचे बीज ह्या दोन तिरक्या रेघांत आहे.

ही तुलना माझ्या पदरची नाही. डेटाबेसच्या 'व्यवहार' ह्या संकल्पनेला ज्याने शास्त्रीय रूप दिले त्या जिम ग्रे ह्या अमेरिकन संशोधकाला ती पूर्ण ठाऊक होती. सुमेरी लोकांनी लेखनकलाच मुळी व्यवहारांच्या नोंदीसाठी शोधून काढली, हे त्याने आंद्रेआस रॉयटर ह्यांच्यासह १९९३ साली लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात आवर्जून सांगितले आहे. त्याआधी १९८१ च्या एका निबंधात तो हिशेबनीसांच्या एका जुन्या नियमाकडे लक्ष वेधतो : वहीतले काही खोडायचे नाही. चूक झाली तर ती चूक तशीच राहू द्यायची आणि तिची भरपाई करणारी नवी नोंद खाली लिहायची. संगणक आल्यावर हा नियम मोडला, कारण चुंबकीय चकतीवर जुन्या आकड्याच्या जागीच नवा आकडा लिहिणे फार सोपे आणि स्वस्त होते. ग्रेने ह्या सोयीकडे विषारी फळाकडे पाहावे तसे पाहिले. मातीच्या विटेवर आणि कागदावर जे आपोआप टिकत होते ते चकतीवर मुद्दाम टिकवावे लागणार होते.

अडचण नेमकी कोणती हे जरा नीट पाहू. संगणकाला दोन प्रकारची स्मरणस्थाने असतात. एक मेमरी : अतिशय वेगवान, पण वीज गेली की कोरी. दुसरी चकती : मंद, पण वीज गेली तरी लिहिलेले राहते. डेटाबेस आपली खतावणीची पाने चकतीवरून मेमरीत आणतो, तेथे बदलतो आणि सवडीने परत चकतीवर नेऊन ठेवतो. आता एका खात्यातून शंभर रुपये काढून दुसऱ्यात घालायचे आहेत. पहिले पान चकतीवर परतले, दुसरे अजून मेमरीत आहे, आणि वीज गेली. शंभर रुपये जगातून नाहीसे झाले. कोणी चोरले नाहीत, कोणी खर्चले नाहीत. ते केवळ दोन पानांच्या मध्ये पडले.

आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत १९७४ च्या सुमारास 'सिस्टिम आर' नावाचा प्रायोगिक डेटाबेस रचायला घेतला गेला. ग्रे त्या चमूत होता. रेमंड लोरी ह्या त्याच्या सहकाऱ्याने ह्या अडचणीवर एक देखणा तोडगा सुचवला : जुन्या पानाला हातच लावायचा नाही, बदल नव्या पानावर करायचे, आणि सगळे नीट पार पडले की एका फटक्यात जुन्याऐवजी नवे पान खरे मानायचे. जुन्या पानाला त्यांनी 'छाया' म्हटले. कल्पना सुंदर असली तरी महाग ठरली. पाने चकतीभर विखुरत गेली, आणि छाया असूनही वेगळी नोंदवही ठेवावीच लागली. १९८१ साली त्या चमूने आपल्याच कामाचे परीक्षण प्रसिद्ध केले. छायेपेक्षा केवळ नोंदवहीवर विसंबणे बरे झाले असते, हा कौल त्यांनी त्यात स्वतःच दिला. शास्त्रातल्या निबंधांत असा स्वपरीक्षणाचा सूर क्वचित ऐकू येतो.

नोंदवहीचा नियम ग्रेने १९७८ च्या आपल्या टिपणांत सांगितला होता. तो एका वाक्यात सांगता येतो : खतावणीचे बदललेले पान चकतीवर जाण्यापूर्वी त्या बदलाची रोजकीर्दीतली नोंद चकतीवर पोचलेली असली पाहिजे, आणि 'व्यवहार पुरा झाला' असे कोणालाही सांगण्यापूर्वी त्या व्यवहाराच्या सर्व नोंदी चकतीवर पोचलेल्या असल्या पाहिजेत. आधी लिही, मग कर. आणि लिहिलेले पक्के झाल्याशिवाय केले असे म्हणू नकोस. रोजकीर्द सलग लिहिली जाते, शेवटच्या ओळीखाली पुढची ओळ, म्हणून ती चकतीवर लिहिणे स्वस्त पडते. खतावणीची पाने इकडेतिकडे विखुरलेली, ती मागाहून गेली तरी चालतात. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिची नोंद अधिक मूलभूत, असा हा उलटा न्याय आहे. इतिहासकार त्यावर नाक मुरडतील कदाचित, पण सगळ्या बँका आज त्याच न्यायाने चालतात.

ह्या नोंदवहीला इंग्रजीत 'लॉग' म्हणतात आणि तो शब्द जहाजावरून आला आहे. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडायचा, ठरावीक वेळात किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचे, आणि जहाजाची गती वहीत लिहायची. त्या लाकडावरून वहीला नाव पडले. १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळालेला जिम ग्रे स्वतः शिडाच्या नौकेतून हिंडणारा माणूस होता. २८ जानेवारी २००७ रोजी तो आईची रक्षा समुद्रात सोडण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोहून फॅरलन बेटांच्या दिशेने एकटाच निघाला आणि परतला नाही. संकटाचा संदेश आला नाही, नौकेचा तुकडाही सापडला नाही. तटरक्षक दलाचा शोध थांबल्यावर त्याच्या मित्रांनी उपग्रहाने टिपलेली समुद्राची छायाचित्रे हजारो स्वयंसेवकांना वाटून इंच-इंच पाहून घेतली. पाच वर्षांनी, २०१२ साली, न्यायालयाने त्याला मृत घोषित केले.

ग्रेनंतरचे मोठे काम चंद्रशेखरन मोहन ह्यांचे. मद्रासच्या आय.आय.टी.त शिकून अमेरिकेत गेलेल्या ह्या संशोधकाने आय.बी.एम.मधल्या आपल्या चार सहकाऱ्यांसह १९९२ साली 'एरीज' नावाची पद्धत एका प्रदीर्घ निबंधात मांडली. नंतरच्या बहुतेक मोठ्या डेटाबेसनी थोड्याफार फरकाने तिचाच मार्ग धरला. ह्या पद्धतीचा गाभा कोणाही साहित्याच्या माणसाने थांबून पाहावा असा आहे.

डेटाबेस कोसळला. पुन्हा उठला. मेमरी कोरी आहे, चकतीवरची खतावणी अर्धवट आहे, आणि हाताशी फक्त रोजकीर्द. त्या रोजकीर्दीत पुरे झालेले व्यवहारही आहेत आणि अर्ध्यावर तुटलेलेही. सरळ बुद्धी सांगते की पुरे झालेले तेवढे पुन्हा करावेत, तुटलेले सोडून द्यावेत. एरीज तसे करत नाही. ती आधी सगळाच इतिहास पुन्हा घडवते. जे व्यवहार फसणार हे आता ठाऊक आहे तेही, नोंदले होते त्याच क्रमाने. प्रत्येक नोंदीला वाढता क्रमांक असतो आणि खतावणीच्या प्रत्येक पानावर, त्या पानाला स्पर्श केलेल्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक लिहिलेला असतो. पानावरचा क्रमांक नोंदीच्या क्रमांकाहून लहान असेल तर ती नोंद त्या पानापर्यंत पोचलेली नाही. तेव्हा ती आता चढवायची. असे करत करत डेटाबेस कोसळण्याच्या नेमक्या क्षणापाशी पोचतो. मग तेथून तुटलेले व्यवहार उलट दिशेने एकेक करून मागे घेतले जातात, आणि मागे घेण्याचीही प्रत्येक पायरी रोजकीर्दीत नवी नोंद म्हणून लिहिली जाते. पाचोलीच्या काळचा हिशेबनीसांचा नियम येथे परत आला : खोडायचे नाही, भरपाईची नोंद खाली लिहायची. ह्या दुरुस्तीच्या मधेच पुन्हा वीज गेली तरी बिघडत नाही, कारण भरपाईच्या नोंदी सांगतात की कोठवर मागे आलो होतो. केलेले मागे घेता येते. मागे घेतलेले पुन्हा मागे घ्यावे लागत नाही.

फसलेले प्रयत्नही आधी पूर्णपणे पुन्हा जगायचे आणि मगच निस्तरायचे, हे खर्चिक वाटते. पण त्यामागचे कारण व्यावहारिक आहे. फसलेल्या व्यवहाराने ज्या पानावर लिहिले त्याच पानावर दुसऱ्या यशस्वी व्यवहारानेही लिहिलेले असू शकते, आणि त्याची नोंद 'पानाची अशी अवस्था असताना' असे गृहीत धरूनच केलेली असते. मधली ओळ गाळली तर पुढच्या ओळीचा अर्थ बदलतो.

ह्याच काळात एक वेगळा प्रवाहही होता. बर्कलीच्या मायकेल स्टोनब्रेकर ह्यांनी १९८७ साली आपल्या 'पोस्टग्रेस' ह्या डेटाबेसची साठवणूक कशी असेल ते लिहिले, आणि त्यात रोजकीर्द जवळजवळ नव्हतीच. जुने कधी पुसायचेच नाही तर वेगळी नोंदवही कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. खतावणीत प्रत्येक ओळीची नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी ठेवायची. कोणता व्यवहार पुरा झाला एवढेच दोन-दोन बिटांत कोठेतरी टिपायचे. मग गतकाळातल्या कोणत्याही क्षणी खाते कसे होते हेही विचारता येते. विचार म्हणून हा ग्रेच्या विचाराइतकाच भव्य आहे, किंबहुना हिशेबनीसांच्या नियमाशी अधिक एकनिष्ठ. पण त्याची एक अट होती : व्यवहार पुरा होताना बदललेले प्रत्येक पान चकतीवर ढकलावे लागे. वीज गेली तरी न विसरणारी मेमरी लवकरच स्वस्त होईल ही स्टोनब्रेकरांची आशा फळली नाही. गतकाळात डोकावण्याची सोय १९९७ साली काढून टाकली गेली आणि एप्रिल २००१ मध्ये, पोस्टग्रेएसक्यूएल ह्या नावाने मुक्त झालेल्या त्या डेटाबेसच्या ७.१ ह्या आवृत्तीत, रोजकीर्द आली. जुन्या आवृत्त्या शेजारी ठेवण्याची स्टोनब्रेकरांची रीत मात्र तशीच राहिली. एका घरात दोन घराण्यांचे संस्कार नांदावेत तसे ते आजही नांदते आहे.

आता वाचकाकडे वळू. २००१ साली ह्या रोजकीर्दीला एकच वाचक होता, तोही संकटातला : कोसळल्यावर उठणारा डेटाबेस स्वतः. सप्टेंबर २०१० मध्ये ९.० ही आवृत्ती आली आणि चित्र पालटले. मुख्य डेटाबेसची रोजकीर्द लिहिली जात असतानाच ती ओळीओळीने दुसऱ्या यंत्राकडे पाठवायची, त्याने ती आपल्या खतावणीत चढवायची. मुख्य यंत्र गेले तर ही प्रत गादीवर बसेल. अपघातानंतरच्या वाचनाची जागा अखंड वाचनाने घेतली. डिसेंबर २०१४ मध्ये, ९.४ ह्या आवृत्तीत, लेखकाच्या बाजूलाही मोठा बदल झाला. तोवर रोजकीर्दीत एका वेळी एकालाच लिहिता येई. आता प्रत्येक लेखकाने आधी चटकन आपल्यापुरती जागा राखून ठेवायची आणि मग आपल्या सवडीने मजकूर भरायचा, अशी व्यवस्था झाली. एका वेळी आठ लेखकांना मजकूर भरता येतो. वेग वाढला. पण रोजकीर्दीच्या शेवटाकडे आता काही जागा राखलेल्या आणि काही भरलेल्या, असे छिद्रांचे जाळे असते. क्रमांक पुढचा म्हणून मजकूर मागाहून लिहिला गेला असे म्हणता येत नाही. पुढची ओळ पुरी झालेली असू शकते आणि तिच्या मागची अजून कोरी.

हे सारे लेखन प्रथम मेमरीतल्या एका गोल पट्टीवर होते. तिला बफर म्हणतात. मूळ मांडणीत ती ४ एमबीची असते, म्हणजे ८ केबीची ५१२ पाने. रोजकीर्द अमर्याद लांब, पट्टी एवढीशी; तेव्हा ५१३ वे पान पुन्हा पहिल्या पानाच्या जागी लिहिले जाते, अर्थात पहिले चकतीच्या फाइलीत उतरवून झाल्यावर. कितव्या जागेवर कोणते पान आहे हे सांगणारी एक चिठ्ठी प्रत्येक जागेला लावलेली असते.

पाठवणारा वाचक २०१० पासून ही पट्टी पाहत नसे. तो फाइलीतून वाची. फाइल बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीतच असे, त्यामुळे फार मोठा तोटा होता असे नाही. तरी जो मजकूर आत्ता शेजारच्या खोलीत आहे तो पोस्टाने मागवल्यासारखे ते होतेच. मग पट्टीवरूनच सरळ का वाचू नये? ह्या साध्या प्रश्नाला तीन धोके चिकटलेले आहेत. वाचायला गेलो ती जागा राखलेली पण अजून न भरलेली असेल. किंवा वाचता वाचता त्या जागेवर कोणीतरी पुढचे पान लिहायला घेईल, आणि हाती वरची अर्धी ओळ कालची आणि खालची आजची अशी चिंधी येईल. आणि तिसरा धोका, जो सर्वांत सूक्ष्म आहे : मजकूर अगदी शुद्ध, पुरा, अचूक असेल, पण तो अजून चकतीवर पोचलेला नसेल.

पहिल्यावर उपाय आहे थांबण्याचा. जेथवरच्या सर्व जागा भरून झाल्या तेथवरच मागायचे. त्यापुढचे मागितले तर ती चूकच मानायची.

दुसऱ्यासाठी पट्टीला कुलूप घालता आले असते. पण ज्या पट्टीवर सारा डेटाबेस क्षणोक्षणी लिहितो आहे तिला वाचकासाठी कुलूप घालणे म्हणजे वाचकाच्या सोयीसाठी छापखाना बंद ठेवणे. लेस्ली लँपर्ट ह्यांनी १९७७ साली दाखवून दिले होते की कुलपाशिवायही हे जमते. लेखकाने लिहिण्यापूर्वी आणि लिहिल्यानंतर खुणेचे आकडे बदलायचे. वाचकाने ते उलट क्रमाने पाहायचे. दोन्ही जुळले तर मधले वाचन निर्दोष, न जुळले तर फेकून द्यायचे. वाचक लेखकाला क्षणभरही अडवत नाही. पुन्हा वाचावे लागले तर कष्ट वाचकाचे. कूर्त्वा, हेमान्स, पार्नास ह्यांच्या दाराशी उभ्या राहिलेल्या गर्दीपेक्षा ही पूर्ण वेगळी दृष्टी आहे. त्यांच्याकडे वाचन निर्दोष आहे ह्याची हमी आधी मिळवावी लागते. येथे वाचून झाल्यावर ती तपासली जाते.

पोस्टग्रेएसक्यूएलच्या सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीत ह्याच कुळातली रीत वापरून पट्टीवरून वाचन सुरू झाले. वाचक हव्या त्या पानाची जागा गणिताने काढतो. तेथली चिठ्ठी वाचतो. चिठ्ठीवर अपेक्षित पान असेल तर मजकूर स्वतःकडे उतरवून घेतो. उतरवून झाल्यावर चिठ्ठी पुन्हा वाचतो. ती तीच असेल तरच उतरवलेला मजकूर खरा मानतो. लेखकाच्या बाजूचे पथ्यही तितकेच कडक आहे : जागा पुसण्यापूर्वी तिची चिठ्ठी आधी रद्द करायची, मग पान कोरे करून नव्याची सुरुवात मांडायची, आणि सर्वांत शेवटी नवी चिठ्ठी लावायची. त्यामुळे मधल्या काळात डोकावलेल्या वाचकाला चिठ्ठी रद्द झालेली दिसते. कोऱ्या किंवा अर्धवट पानाला कोणी जुने पान समजत नाही.

येथे एक विचित्र पथ्य जोडावे लागते. आजचे प्रोसेसर आणि कंपायलर आपल्या सोयीसाठी कामांचा क्रम बदलतात. आज्ञावलीत 'आधी चिठ्ठी, मग मजकूर' असे लिहिले असले तरी यंत्र कदाचित मजकूर आधी वाचेल. एकट्याच्या कामात ह्याने फरक पडत नाही, पण येथे सगळी हमीच क्रमावर उभी आहे. म्हणून दोन्ही चिठ्ठ्यांच्या आतल्या बाजूंना एकेक 'अडसर' घालावा लागतो : ह्याच्या अलीकडचे अलीकडेच, पलीकडचे पलीकडेच. लिहिलेला क्रम म्हणजे घडलेला क्रम नव्हे हे कथनमीमांसेत आपण कौतुकाने शिकवतो. येथे ते विसरणे म्हणजे कोणाच्या तरी खात्यातली रक्कम चुकणे.

उरला तिसरा धोका. समजा मेमरीत पुरी झालेली पण चकतीवर न पोचलेली नोंद वाचकाने उचलली आणि दूरच्या प्रतीकडे पाठवली. प्रतीने ती आपल्या चकतीवर पक्की केली. त्याच क्षणी मुख्य यंत्राची वीज गेली. मुख्य यंत्र उठते तेव्हा त्याच्या रोजकीर्दीचा शेवट त्या नोंदीच्या अलीकडे असतो; त्याच्या दृष्टीने ती कधी घडलीच नाही. तो पुढे लिहू लागतो आणि त्याच क्रमांकाच्या जागी दुसरेच काही लिहितो. आता मूळ आणि प्रत ह्यांच्यात पृष्ठांक तोच आणि मजकूर भिन्न. हा पाठभेद लेखनिकाच्या डुलकीतून आलेला नाही; प्रतीला आठवते आणि मूळ विसरले आहे. संहिताचिकित्सेत अशा वेळी जुनी, अधिक साक्षेपी प्रत आपण मुळापेक्षाही प्रमाण मानू. डेटाबेसमध्ये तसे करता येत नाही, कारण मूळ जिवंत आहे आणि लिहिते आहे.

ह्यावर नियम असा की वाचक पट्टीवरून, म्हणजे मेमरीतून, वाचू शकतो, पण प्रतीकडे पाठवण्यासाठी मागतो ते चकतीवर पोचल्याचे ठाऊक असलेलेच. प्रथमदर्शनी हे गमतीचे वाटते : जे फाइलीत आहेच तेच मेमरीतून वाचायचे. पण जागा आणि अधिकार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकूर कोठून उचलला हा सोयीचा प्रश्न. तो मजकूर दुसऱ्याला सांगण्याइतका पक्का झाला आहे का, हा अधिकाराचा. ह्या सुधारणेने सोय बदलली, अधिकाराची रेषा जेथे होती तेथेच ठेवली. वेगाचा लाभ माझ्या मते माफक आहे; रेषा न हलवता जागा बदलण्याची शिस्त अधिक मोलाची वाटते.

पण 'चकतीवर पोचले' हे तरी कोणाच्या शब्दावर मानायचे? २०१८ साली ह्याच डेटाबेसच्या रचणाऱ्यांपुढे एक अस्वस्थ करणारी गोष्ट आली. डेटाबेस स्वतः चकतीवर लिहीत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे मजकूर देतो आणि 'हे आता पक्के कर' अशी आज्ञा देतो. लिनक्सवर असे दिसून आले की ही आज्ञा एकदा अपयशी ठरल्यावर पुन्हा दिली तर ती यशस्वी झाल्याचे उत्तर मिळू शकते, आणि मजकूर मात्र चकतीवर गेलेला नसतो. पहिल्या अपयशानंतर सिस्टिमने ती पाने 'स्वच्छ' समजून मनातून काढून टाकलेली असतात. वर्षानुवर्षे डेटाबेस अपयश आल्यावर पुन्हा प्रयत्न करीत होता आणि दुसऱ्या होकारावर विश्वास ठेवीत होता. फेब्रुवारी २०१९ च्या दुरुस्तीत ह्यावर जो मार्ग काढला गेला तो टोकाचा आहे. पहिल्याच नकारावर डेटाबेस आता जाणूनबुजून कोसळतो आणि रोजकीर्द आरंभापासून, म्हणजे शेवटच्या खात्रीच्या खुणेपासून, पुन्हा वाचतो. संशयित होकार घेऊन उभे राहण्यापेक्षा पडून पुन्हा इतिहास घडवणे त्याला अधिक सुरक्षित वाटते. एरीजच्या वारशावर त्याचा तेवढा भरवसा आहे.

उलट बाजूचीही नोंद करायला हवी. २००८ पासून ह्या डेटाबेसमध्ये अशी मुभा आहे की व्यवहार चकतीवर पोचण्याची वाट न पाहताच 'झाले' असे सांगावे. नेहमीच्या मांडणीत ह्यामुळे अधिकाधिक सहा-दशांश सेकंदाचा काळ असा असतो की त्यातले 'झाले' कोसळल्यावर खोटे ठरू शकते. खतावणी बिघडत नाही, शेवटची काही पाने तेवढी नसतात. कित्येक कामांना ते चालते. पण ही मुभा घ्यायची की नाही हे ज्याचा व्यवहार आहे त्याने ठरवायचे असते, वाचकाने परस्पर नव्हे. आणि ह्या मुभेतही प्रतीकडे पाठवणारा चकतीच्या रेषेपुढचे पाठवत नाही.

मेमरीतून वाचण्याची ही वाट १७ व्या आवृत्तीत आली ती पानेच्या पाने जशीच्या तशी प्रतीकडे पाठवणाऱ्या वाचकापुरती. रोजकीर्दीचा अर्थ लावून ती ओळीओळीने उलगडणारे वाचकही २०१४ पासून आहेत. त्यांना ही वाट तेव्हा मोकळी केली गेली नाही. आणि ज्याला ती मोकळी आहे त्याच्यापुढेही दरवेळी पट्टीवर हवे ते पान असतेच असे नाही. दुसऱ्यांदा पाहिलेली चिठ्ठी बदललेली निघाली तर तो तक्रार करत नाही, लेखकाला थांबवत नाही. त्या पानापासून पुढचे तेवढे सोडतो आणि उरलेला मजकूर पूर्वीसारखा फाइल उघडून वाचतो.